आईच्या डाव्या पायातल्या शिरा

११ नोव्हें., सावली
आईच्या पायाची जखम आजही ओलीच. डावा पाय, घोट्याच्या आतल्या अंगानं, चार बोटं वर. दिवाळीच्या आधीपासून आहे. भोवती कातडी काळी-जांभळी, पोटरीवर शिरा गांडुळासारख्या. चौदा वर्षं राईस मिलमध्ये उभ्यानं तांदूळ निवडून दुसरं काय होणार.
शेजारच्या मूल गावातल्या खाजगी डॉक्टरकडे नेलं. एका वैदूकडे नेलं. इथल्या ग्रामीण रुग्णालयात नाही नेलं. तिथं प्रणाली नर्स आहे. चंद्रपूरला नर्सिंगला एकाच वर्गात होतो. दुसऱ्या वर्षी सरांशी भांडून, वॉर्डात ट्रे आपटून मी निघून आलो. तिनं पूर्ण केलं. आता कोणत्या तोंडानं...
आई म्हणते, "इथी फुकट होते, तर मूलले काऊन नेऊन राह्यला रे बाबू?"

१४ नोव्हें.
आईला समजावत बसलो. हृदय जोरानं रक्त खाली पाठवते, धमनीतून. पण परत वर आणायला तेवढा जोर उरत नाही. ते काम पोटरीचं. चाललं की पोटरी आवळते, शीर दाबल्या जाते, रक्त वर सरकते. शिरेत जागोजागी इवल्या झडपा. वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. दिवसभर एका जागी उभं राहिलं की पोटरी गप्प. वर्षानुवर्षं तेच केलं की झडपा सैल. मग रक्त घोट्यापाशी साचून राहते, कातडी खराब होते, जखम भरतच नाही.
आईनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे माह्या पायातले चौकीदार झोपले म्हण."
"हो."
"एवढं समजते तुले, अन् पेपर नाई देल्ला."
उठून बाहेर गेलो.

१७ नोव्हें.
मिलमध्ये गेलो. मुकादमाला म्हटलं, आईला बसायला स्टूल द्या.
"मंग गादी-उशी पण आणू का?"
कॉलर धरली. चार बायांनी सोडवलं. त्यानं आईला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. संध्याकाळी आई त्याच्या घरी जाऊन माफी मागून आली, म्हणून जागा राहिली. माझं ताट वाढून ठेवलं आणि भांडी घासायला गेली.

२१ नोव्हें.
सकाळी आई न्हाणीत पाय धूत होती. खपली निघाली, शीर फुटली. काळपट लाल धार, थांबेचना. शेजारचे सोमाभाऊ धावत आले. कोणाला साप चावला की आवळून बांधायला गावात त्यांनाच बोलावतात. "वर बांध, वर! रक्त चढू देऊ नको!" आणि मी बांधलं. दुपट्टा घेतला, गुडघ्याच्या वर, होता तेवढा जोर लावून.
धार वाढली.
शिरेतलं रक्त खालून वर जाते. वरची वाट बंद केली तर ते फुटल्या जागेतूनच येणार. मले माहीत होतं. पाठ केलं होतं.
ऑटोत आई पांढरीफटक. मूलपर्यंत जायला वेळच नव्हता. ग्रामीण रुग्णालयाच्या दारात प्रणाली.
"कोनं बांधलं हे?"
तिनं कात्रीनं दुपट्टा कापला. आईला आडवं केलं, पाय उंच, जखमेवर गॉज, त्यावर अंगठा. दहा मिनिटं दाबून धरलं. थांबलं. एवढंच करायचं होतं.
आई डोळे मिटून म्हणाली, "सोमाभाऊनं."
मी कापलेला दुपट्टा उचलून पिशवीत कोंबला.

२५ नोव्हें.
डॉक्टर म्हणाले, चंद्रपूरला शिरांची सोनोग्राफी करा. आतल्या मोठ्या शिरा ठीक असतील तर ही वरवरची बिघडलेली बंद करतील. रक्त आतल्या वाटेनं जाईल. न केलं तर जखम पुन्हा पुन्हा, आणि शीर पुन्हा फुटू शकते. ४ डिसें. ची तारीख.
तोवर रोज सकाळी पट्टी. प्रणालीनं शिकवलं. "बोटांपासून सुरू कर. खाली घट्ट, वर जाता जाता सैल." तीनदा बांधायला लावली. जखमेवर पारदर्शक प्लास्टिक धरून पेनानं कडा काढायची, म्हणजे जखम किती भरली ते दर आठवड्याला कळते.
"हात विसरला नाई तुझा," म्हणाली.
रस्ताभर तेवढंच डोक्यात.

२८ नोव्हें.
रुग्णालयात ड्रेसिंगच्या वेळी प्रणालीला सांगून टाकलं. सोमाभाऊनं नाही, मी बांधलं.
ती जखम धूतच राहिली. "माहीत आहे. ती गाठ वॉर्डातली होती. सोमाभाऊले येते का तशी?"
गॉज ठेवता ठेवता, "घरी माझ्या लग्नाचं चालू आहे. पोरगा आरमोरीचा आहे."
मी पट्टीचा रोल पुढं केला.
येताना आई म्हणे, "तिच्याशी बोलला काऊन नाई?"
"काय बोलू?"
"मुकादमाची कॉलर धराले बरी हिंमत होते."
सोमाभाऊंकडेही जाऊन खरं सांगितलं. आठवडाभर गाव त्यांनाच बोल लावून राह्यलं होतं. चिडले नाहीत. "डॉक्टर लोक म्हणते, आता सापाले पण नाई बांधाचं. मंग आमी कराव काय?"

१ डिसें.
प्लास्टिक लावून पाहिलं. कडा तांदळाच्या दाण्याएवढी आत आली आहे. मी खुशीत आईला दाखवलं. तिथंच चुकलो.
"बरी होऊन राह्यली ना? मंग कापाले काऊन जाऊ?"
नवा धान आला आहे. मिल भरून वाहते. मुकादम म्हणाला, चार तारखेला कामावर आली नाही तर जागा दुसरीला.
म्हटलं, पट्टीनं जखम भरेल, झडपा नाही सुधरत.
"पाय माहा आहे."
तिनं ताट सरकवलं. मग पुन्हा ओढलं.

३ डिसें., संध्याकाळ
प्रणालीचा मेसेज. उद्या पहिली बस पकडा, कागद विसरू नका. खाली काही लिहून खोडलं असावं, बराच वेळ 'टाइपिंग' दिसत होतं. मी "हो" पाठवलं.
आईनं पिशवी भरली आहे. दोन पातळं, कागद, कंगवा. पिशवीशेजारी मिलचा डब्बा, धुऊन पालथा.
बस सहाला. मिल सातला.
"कुठी जाशील?" विचारलं.
"सकाळी पाहू."
दिवसभरात पट्टी ढिली झाली होती, ती सोडली, पुन्हा बांधायला बसलो. तिनं पाय माझ्या मांडीवर ठेवला. बोटांपासून सुरू केलं.
"जरा घट्ट बांध," म्हणाली. "उद्या लय वेळ पाय खालीच राह्यते."