तिसऱ्या वहीतले नंबर

४ जानेवारी १९७१, सोमवार. जळगाव.
आजपासून मी वधू-वर मंडळाचा मानद चिटणीस. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं; हेही यमक जुळवण्याचंच काम. वह्या तीन. एक मुलांची, एक मुलींची. तिसरी जुळणीची, तिच्यात नावं नाहीतच, नुसते नंबर. उदा. मुलगी ९, मुलगा १७. म्हणजे शिंदखेड्याच्या माझ्या धाकट्या भावाची, पुनाची मंजू, आणि भुसावळचा झुलाल. रेल्वेत फायरमन, पर्मनंट. पुना दोन वर्षं असं स्थळ शोधत होता. ३१ तारखेला आमच्याच घरी बघण्याचा कार्यक्रम. पुनाला शब्द दिलाय.

९ जानेवारी.
मुलांची वही म्हणजे बाजार. जो आधी आला त्याला आधीचा नंबर! क्रमिक पुस्तकात कवितांची अनुक्रमणिका कशी देखणी असे. संकल्प: वही अकारविल्हे लावणे. बायको, द्रौपदा, म्हणाली, "नंबर बदलाल, मग तिसऱ्या वहीचं काय?" बायकांना सिस्टीम कळत नाही.

१४ जानेवारी. संक्रांत.
लग्न झालेले पाच काढून टाकले. उरलेले अठ्ठावन्न नव्या नंबरांनी, मोत्यासारख्या अक्षरात. तिसऱ्या वहीने कुठे तक्रार केली? नंबर बदलले तरी माणसं तीच ना!

२० जानेवारी.
जुळणीच्या वहीवरून चौदा स्थळांना पत्रं टाकली. एके ठिकाणी मुलगी ३१, मुलगा ६३. मुलगे तर अठ्ठावन्नच. कोण असेल हा त्रेसष्टावा? कुठल्या स्टेशनवर उभा असेल? पत्ता नसल्याने पत्र टाकता आलं नाही. त्याच्यावर चार ओळी केल्या. द्रौपदा म्हणाली, "त्या ओळी त्या मुलीच्या बापाला पाठवा." खोचक.

३१ जानेवारी, रविवार. दुपार.
पाहुणे आले. अकरा जण, केळीचे दोन घड. नवरदेव यावलचे चिंधाभाऊ. वय बेचाळीस, बिजवर. मंजू पोह्यांची ताटली घेऊन दारातच थांबली. पुनाने मला मोरीकडे ओढलं. "नाना, हाऊ कोन शे?" मी म्हटलं, नंबर सतरा. आणखी काय सांगणार? चिंधाभाऊ माणूस मोकळा. पोहे दोनदा घेतले. जाताना हळूच म्हणाले, "गुरुजी, मुलगी जरा लहान वाटते. हिला मोठी बहीण आहे का?"

२ फेब्रुवारी.
उलगडा झाला. नव्या वहीत सतरावर चिंधाभाऊ आणि झुलाल एकविसावर. तिसऱ्या वहीत एकविसापुढे मुलगी २, अमळनेरची केसर. झुलाल परवा तिकडे पोहे खाऊन आला. माझ्याच पत्राने, माझ्याच सहीने.
दोष सिस्टीमचा नव्हे, अर्धवट कामाचा. मुलांची वही लावली, मुलींची राहिली. आजच घेतो. फोटोंच्या पाकिटांवरही नवे नंबर टाकतो. झुलालला खुलाशाचं पत्र उद्या.

६ फेब्रुवारी.
पाकिटं झाली. पत्र राहिलं. मजकूर सुचतो, पण सुरुवातीला एखादी छानशी ओळ हवी.

१४ फेब्रुवारी, रविवार.
झुलाल आणि केसरचा साखरपुडा काल झाला. अमळनेरहून आभाराचं पत्र. मंडळाचं हे या वर्षातलं पहिलं यश, तसं पाहिलं तर.
सकाळच्या गाडीने पुना आला. बसला नाही, चहाही नको म्हणाला. "मंजूना फोटो दे. मी धुळाले नाव टाकस." मी समजावलं, धुळ्याच्या मंडळात नाव कशाला, पुना, एक संधी दे, आता तिन्ही वह्या मी स्वतः तपासतो. मंजूच्या नंबरचं पाकीट काढलं. फोटो हातात घेऊन मलाच भरून आलं. म्हटलं, बघ, अगदी आपल्या आईवर गेलीय, तेच डोळे.
पुनाने बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "नाना, हाई मंजू नही शे."
मग तो आणि द्रौपदा जमिनीवर बसून पाकिटं उघडत राहिले. मंजू एकेचाळीसमध्ये निघाली. पुनाने फोटो खिशात घातला आणि गेला. निघताना पाया पडला नाही.
मी म्हटलं, चष्मा नव्हता म्हणून.
द्रौपदा म्हणाली, "डोळ्यांवरच आहे."