गंजावरचा उपाय

४ जानेवारी
ती. दादास,
सा. न. वि. वि.
काचबिंदूचे थेंब झोंबतात म्हणून तू कुरकुरतोस, असं वहिनीने कळवलं. घोड्याएवढा झालास, आता तरी शहाण्यासारखा वाग.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या आनंदीआनंद आहे. डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं, त्या जाळीच्या पेशी आम्ही काचेच्या बशीत वाढवतो. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे तुम्हा घड्याळजींच्या भाषेत गंज, चढला की त्या मरतात. मग पाणी तुंबतं, दाब वाढतो, मागची नस सुकते. बशीत अँटिऑक्सिडंट घातलं आणि निम्म्या पेशी वाचल्या, दादा. मूळच सापडलं म्हण ना.
माया आहे तशीच राहू दे.
तुझी ठकी

२० जुलै
चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.
तुझं म्हणणं मला तेव्हाच पटलं. आतलं चाक गंजलं तर वरची काच पुसून काय होणार? थेंब त्याच दिवशी बंद केले. औषधवाल्याकडून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणल्या, दोन्ही वेळ नेमाने घेतो. तुझ्या वहिनीला बोललो नाही, उगाच डोकं खाईल. परवा दाराच्या चौकटीवर आदळलो तेवढंच. बाकी उजव्या डोळ्याला भिंग आणि डावा मिटलेला, काम झकास चाललंय. बहीण शिकलेली असल्याचा फायदा!
आठवण ठेव.
तुझा दादा

२६ जुलै
ती. दादास,
दुकानाचा फोन लागत नाही म्हणून कुरियरने पाठवते आहे. आधी थेंब घाल, मग पुढचं वाच.

ती बशी होती रे, माणूस नव्हे. गोळ्यांनी दाब उतरत नाही, थेंबांनी उतरतो. माणसाच्या डोळ्यात अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, हे वाक्य मी शोधनिबंधात तीनदा लिहिलं आणि तुला एकदाही लिहिलं नाही. उजवा डोळा झाकून डाव्याने बघ. आजच डॉक्टरकडे जा. गेलेली नजर परत येत नाही. मला काही सुचत नाही, दादा.
ठकी

९ ऑगस्ट
चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.
जाऊन आलो. डावा गेलाय. कधी गेला कोण जाणे, तो मिटून बसण्यातच जन्म गेला. उजव्यात मधोमध बटणाएवढं दिसतं. तेही टिकेल असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. थेंब सुरू केलेत. दुकान बंद केलं.

तुझा राग आला, खोटं कशाला बोलू? दोन दिवस फार आला.

एवढं लिहायला तीन दिवस लागले, ओळी एकमेकींवर चढतात. यापुढे तुझी पत्रं वहिनी वाचून दाखवेल. थेंब मी आळसाने सोडले, असं तिला सांगितलंय. तेव्हा पत्रात कधीही माफी मागू नकोस. हवापाण्याचं लिहीत जा.
मायेत उणं नाही.
तुझा दादा