बेल्टचा पीळ

३ ऑगस्ट
अकॅडमीच्या सरांनी सांगितलं, भरतीच्या पोरांसाठी मशीनगनवर लेक्चर ठेवलंय. बोलणार कोण, तर सर्जेराव. घोडेगावचा, माझ्याच पलटणीतला. "ओळखता ना तुम्ही?" ओळखतो. एकोणीस वर्षं झाली, विसरू म्हटलं तरी.
ग्राउंडवर पोरांना पाच फेऱ्या जास्त पळवल्या. उगाच.

४ ऑगस्ट
घरी बायको, मंदा म्हणाली, "जाऊ द्या की आता." तिला काय. तिनं तो फायरिंग कॉम्पिटिशनचा दिवस पाहिला नाही. मी गनवर. सर्जा नं. २, डाव्या अंगाला पडून गोळ्यांचा बेल्ट सरळ धरायचा, एवढंच काम. दुसऱ्या बर्स्टला गन गप्प. बेल्टला पीळ. सुभेदारसाहेबांपुढं म्हणाला, "ह्यानंच भरताना वाकडा लावला." मी गनवरून लंगरात, कणीक तिंबायला. तो इन्स्ट्रक्टर.

६ ऑगस्ट
पारनेरच्या सुताराकडून लाकडी गन आणली. गोळ्याही लाकडाच्या. मंदानं त्या ओवायला पट्टी शिवून दिली, कशाला ते विचारलं नाही. सगळ्या पोरांपुढं त्यालाच बेल्ट धरायला लावणार.

९ ऑगस्ट
आला. पोट सुटलंय. मिठी मारली, सोडेचना.
शिकवतो चांगलं, ते खरं. एलएमजीला, म्हणजे हलक्या मशीनगनला, मॅगझिन, तीस गोळ्या, संपलं की बदला. बदलेपर्यंत समोरचा डोकं वर काढतो. एमएमजीला, म्हणजे मध्यम मशीनगनला, बेल्ट. एका पेटीत दोनशेच्या वर गोळ्या, संपत आला की पुढचा जोडा, गन खातच राहते.
मी मागून म्हणालो, "फक्त बेल्ट धरणारा इमानदार पाहिजे. सर्जा, पीळ कसा पडतो ते दाखव पोरांना."
माझ्याकडं बघितलं त्यानं. बेल्ट उचलला, मनगट वळवलं. "असा. ह्याच्या गनला मीच पाडला हुता. मुद्दाम. हा माझ्यापेक्षा लई चांगला हुता म्हनून."
टाळ्या पडल्या. त्याला! सर म्हणाले, केवढं मोठं मन.
मी तिथंच उभा, लाकडी गन धरून.

१० ऑगस्ट
जेवण गेलं नाही. मंदा: "कबूल केलं की त्यांनी. अजून काय पायजे?"
लेखी पाहिजे. पलटणीला पाठवायला.

१२ ऑगस्ट
घोडेगाव. कागद लिहूनच नेला. त्याच्या बायकोनं चहा ठेवला. त्यानं दोनदा वाचला.
"सही करतो. पन हे 'मुद्दाम' काढ, 'चुकून' लिही. पोरगा त्याच पलटनीत हाय. प्रमोशनचं कॅडर ट्रेनिंग चालू हाय त्याचं."
"माझंबी चालू हुतं."
चहा तसाच ठेवून उठलो. सांगून आलो, लेक्चरचा व्हिडिओ पोरांच्या मोबाईलमधून घेतलाय. परवा दुपारपर्यंत सही, न्हाईतर पलटणीच्या ग्रुपवर.
एसटीत बरं वाटत होतं. लई दिवसांनी.

१४ ऑगस्ट
दुपार झाली. सर्जाचे तीन फोन, एकही उचलला नाही. वाजू दे. मंदा शेजारणीकडं जाऊन बसलीय. व्हिडिओ ग्रुपवर लावून ठेवलाय, पाठवायला नुसतं बोट टेकवायचं.
आता पुन्हा वाजतोय. नंबर त्याचा नाही. फोटोत वर्दीतला पोरगा, नाक हुबेहूब बापाचं.
अजून वाजतोय.