चिठ्ठीत लिहिलेली डिस्क

प्रिय धाकटे,

आईचे गुडघे कुरकुरतात, पण माझ्यावर ओरडायला तिला गुडघे लागत नाहीत, त्यामुळे ते छान चाललंय. तुझा भाचा 'र' म्हणायला शिकलाय. घरात दिवसभर इंजिन सुरू असतं.

एक्स-रे सेंटरमध्ये नवा संगणक आलाय. शनिवारी नेहमीसारखा बॅकअप घ्यायला बसलो. मॉनिटरवरची माझ्या गिचमिड अक्षरातली चिठ्ठी तुला आठवत असेल: 'आधी एसडीबी पुसायची, मग एसडीए तिच्यावर उतरवायची.' एसडीए म्हणजे पेशंटच्या फिल्म्सची डिस्क, एसडीबी म्हणजे कॉपीची, असं मीच तुला पढवलं होतं. पुसायचा आदेश टाइप केला आणि सहज आकाराकडे लक्ष गेलं. एसडीबी लहान दिसत होती. लहान डिस्क तर फिल्म्सची! एंटरवरचं बोट तसंच उचललं.

मग वाचत बसलो. संगणक सुरू होताना जी डिस्क आधी सापडते तिला 'ए' मिळतं, मागून येणारीला 'बी'. पुढच्या वेळी क्रम उलटला की नावंही उलटतात. डिस्कचा स्वतःचा क्रमांक तेवढा कायम राहतो, आणि चिठ्ठीत मी तो लिहिलाच नव्हता.

कपाटातला जुना संगणक काढला. त्याच्या नोंदी वेगळ्या डिस्कवर होत्या, म्हणून शाबूत होत्या. तू बॅकअप घ्यायला बसलीस त्या दिवशी सकाळी वीज जाऊन तो पुन्हा सुरू झाला होता, आणि एसडीबीपुढे क्रमांक होता फिल्म्सच्या डिस्कचा.

'तू लिहिलंस तसंच केलं, दादा,' एवढंच तू म्हणाली होतीस. मी सगळ्यांदेखत म्हणालो, 'डोळे आहेत की बटणं?' आधीची कॉपी तीन वर्षांपूर्वीची होती, म्हणून तीन वर्षांच्या फिल्म्स गेल्या, आणि महिन्याभरात नोकरी सोडून तूही गेलीस.

आज सकाळी डॉक्टरबाईंना आणि सगळ्या स्टाफला ती नोंद दाखवली आणि सांगितलं, चूक माझी होती, तिची नव्हती. घरी येऊन आईबाबांनाही सांगितलं. बाबा म्हणाले, 'तिला कळवलंस का?' फोन केला असता तर तू 'जाऊ दे रे' म्हणून मला दोन मिनिटांत मोकळं केलं असतंस. तेवढ्यात सुटायचं नव्हतं, म्हणून हे पत्र. चुकलं माझं, धाकटे. हवं तितकं रागाव, पण घरी येऊन रागाव.

तुझाच, उशिरा डोळे उघडलेला,
दादा