लोकरीची दीर्घिका

शनिवार, हेंद्रेपाडा

शेजारच्या सुलभावहिनींना आज दूरची एक दीर्घिका दाखवली. दाखवली म्हणजे हाताखाली दिली. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली, म्हणून पुठ्ठ्यावर लोकर चिकटवून केली होती. मधे ताऱ्यांचा जाड दांडा आणि त्याच्या टोकांतून निघालेले दोन वळणदार हात.

त्यांनी दोनदा बोटं फिरवली. "भावजी, हात मधोमधून निघायला हवेत ना? चुकलंय तुमचं."

"नाही वहिनी, ते दांड्याच्या टोकांपासूनच निघतात. कोट्यवधी प्रकाशवर्षं लांब आहे, पण फोटोत स्पष्ट दिसतं."

फोटोत दिसतं! हे मी कुणाला सांगत होतो? जीभच चावली. त्या मात्र पुन्हा दांडा चाचपत होत्या. "मग हा एक हात आखूड का?"

माझी लोकर संपली होती. कबूल केलं. त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "उद्या खरवईच्या वाचनालयात तुम्ही मुलांना हे सांगणार आहात ना, ते मीच सांगते. तुम्ही फक्त फोटो लावा."

दोन वर्षं जिना न उतरलेली बाई! मी लगेच हो म्हटलं. माझ्यापेक्षा छान सांगतील, खात्री आहे.

निघताना त्यांनी हिला हाक मारली, "अगं, उद्या साडी कुठली नेसू?"