पट्ट्यातली पऱ्हाटी

बाबा, तुमचं, तुमच्या लेकीचं म्हणजे बाईचं आणि माझं गाऱ्हाणं एकच आहे. हे गाव ऐकत नाही. तुमचं ऐकलं नाही, बाईचं आजही ऐकत नाही. माझं मात्र एकदा ऐकलं, मान डोलावून ऐकलं, आणि ते ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. तुम्हांला जाऊन तीस वर्षं होत आली. एवढ्या काळात अमरावती-अकोल्याच्या सभांतून मी पुष्कळ बोललो, पण ही गोष्ट कुठंच बोललो नाही.

दरीचं तोंड आणि गावातली शेवटची घरं यांच्यामधला तो पट्टा तुम्हांला काय सांगायचा! दिवाळी होऊन डोंगरावरचं गवत पिवळं पडलं की घरटी एक माणूस विळा घेऊन तिथं जायचा. बोरीची झुडपं तोडायची, गवत मुळाशी कापायचं आणि सकाळच्या दवात, हातात पळसाच्या ओल्या फांद्या धरून, कापलेलं सगळं तिथंच जाळून टाकायचं. मग उन्हाळ्याच्या तोंडावर मेळघाटाकडून वणवा उतरला तरी त्याला पट्ट्यात खायला काही मिळत नसे. आपलं शेत दरीला लागून, म्हणून पहिला विळा आपल्या घराचा. अमरावतीची शाळा संपवून मी परत आलो त्या वर्षी तुम्ही खैराची मूठ बसवलेला नवा विळा केला होता. मी हात पुढे केलेला होता. तुम्ही माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलंत आणि तो विळा बाईला दिलात. ती गावातच दिलेली, सासरचं काम टाकून, पदर खोचून आलेली.

"पोरगा उभा हाये ना! पोरीले काहून देता?" कुणीतरी हटकलं.

"तिले वारा समजते," तुम्ही म्हणालात. "याले बोलता येते. पण गवत काई भाषण ऐकत नाई."

सगळे हसले. मीही हसलो. बाईनं कापसाची चिमूट हवेत सोडली, ती कुठं जाते ते पाहिलं आणि कोणत्या कडेपासून कापायचं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी कुणी नसताना मीही एक चिमूट सोडून पाहिली. ती सरळ माझ्या पायाशी पडली.

त्यानंतर दोन वर्षांत अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसासाठी दुनिया हपापली. ज्वारीच्या जागी कापसाची पऱ्हाटी आली, कुरणं मोडली, बांधसुद्धा नांगरले गेले. मी चावडीत वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, तेव्हा माणसं श्वास रोखून बसायची. अशाच एका दिवशी मी पट्ट्यावर बोललो. म्हणालो, एवढी काळी जमीन आपण भीतीपोटी उपाशी ठेवली आहे. तिथं कापूस पेरा, हिरव्या पिकाला आग लागत नाही. बाई दाराशी उभी होती. "हिरवं कवापर्यंत राह्यते, दादा? फागुनात काय करशील?" तिनं विचारलं. मी हसून म्हणालो, "फाल्गुनाच्या आधी उपटू." लोकांनी मान डोलावली. तुम्ही उठून निघून गेलात. आता लिहितो, कारण आता तुम्ही रागावू शकत नाही. मला कापूस नको होता, बाबा. जिथं तिचा विळा चालतो ती जागाच उरू नये, एवढंच मला हवं होतं.

आणि पऱ्हाटी उपटली नाही. शेवटची बोंडं फुटायची होती, ती फरदड कोण सोडणार? वाळलेल्या काड्या, काड्यांना लोंबणारा कापूस, अशा त्या पट्ट्यावर दिवस कलता कलता दरीतून वारा उतरला आणि त्याच्यामागून आग. खळ्यातल्या कापसाच्या गंजी पेटताना मी पाहतो आहे. मी बैल सोडतो आहे, माझ्या दंडाची कातडी सोलली आहे. बाई बायकांना घेऊन खळ्यापुढची पऱ्हाटी उपटते आहे, आणि तिथंच आग थांबते, घरं वाचतात. धुरातून तुम्ही धावत येता. माझ्या अंगावरूनच पुढे जाता. "तुले काई लागलं तं नाई ना, बाई?" माझा दंड तुम्हांला दिसलाच नाही. जळालेला कापूस गाव विसरलं. मी ते वाक्य विसरलो नाही.

काल गावातली चार तरणी माणसं माझ्याकडे अमरावतीला आली. कापसाला पुन्हा भाव आहे. यंदा पट्ट्यात पेरलेलं आहे, माघ सरत आला, बोंडं अजून झाडावर आहेत, आणि बाई ओरडते आहे की उपटा. "बुढीले समजवा जी," ते म्हणाले. "तुमचंच भाषण आमचे बाप सांगत होते. हिरव्या पिकाले आग लागत नाई म्हने. तसंच एकदा बोला." तीस वर्षांनी माझं एक वाक्य कुणाला पाठ आहे, तर ते हे.

आज गावी आलो. बाई ओट्यावर तोच विळा पाजळत बसली होती. खैराची मूठ तिच्या हाताच्या आकाराची झाली आहे. वर न बघता म्हणाली, "बोलाले आला काय? बोल बाप्पा, तुले बोलता येते." अगदी तुमचा आवाज. तोही तिलाच मिळाला.

हे पत्र धाडायला पत्ता नाही. घडी करून त्या विळ्याच्या कोनाड्यात ठेवीन. माझी पन्नाशी उलटली, बाबा, तरी मघाशी ती आत गेल्यावर मी तो विळा उचलून मुठीत धरून पाहिला. माझ्या हाताला तो बसत नाही. चावडीत माणसं जमली आहेत. ज्या तोंडानं पेरा म्हणालो त्याच तोंडानं आता सांगायचं आहे: गावकऱ्यांनो, ते भाषण खोटं होतं. उद्या उजाडताच घरटी एक माणूस दरीच्या तोंडाशी या आणि पट्ट्यातली पऱ्हाटी बोंडांसकट उपटा. पहिला हात बाईचा.