पहिली सही

१२ मार्च, बाडमेर
पण मी कुठं म्हणालो की आण्णा खोटं बोलले? आई फोनवर दरवेळी तेच लावते, "तूबी गावासारकाच." अगं, खरं आहे म्हणूनच तर घोळ. मी लहान असताना देवळात सगळ्या गावानं भंडारा उचलून शपथ घेतली, पवनेकाठची जमीन बाहेरच्याला द्यायची न्हाई. मग एकेकानं गुपचूप दिली. आता तिथं तंबू न् बंगले. गावात पोराटोराला माहीत. पण देवाम्होरची गोष्ट वेशीबाहेर काढायची नसते. माझ्या बापानं फिल्मवाल्यांच्या कॅमेऱ्याम्होरं काढली.

१४ मार्च
फिल्म पुरती बघितली. पोकलेनच्या केबिनमध्ये, डिझेलची गाडी येईस्तोवर. रूमवरचा गजू म्हणतो, "बाप हिरो झाला की लका." फिल्म कशी वाटली विचारतो. दाखवलं ते खरंच. पण त्यात आण्णा आण्णांसारखे वाटत नाहीत.
साईट बोर झालीय. ही तिसरी. सोलरसाठी रान सपाट करतोय, कुणाचं ते माहीत नाही. इथल्या लोकांच्यात शपथेला काय उचलतात कुणास ठाऊक.

१५ मार्च
लोणावळ्याच्या हॉलात फिल्म संपल्यावर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आण्णा चपला काढून स्टेजवर गेलते, आईनं सांगितलं.
पेपरात आलंय, एकतर्फी, निवडणूक बघून काढलेली. मोबाईलवर एकजण लिहितो, फार मवाळ, पुढाऱ्यांना सोडलं. सत्तेवाले म्हणतात विरोधकांचा पैसा. विरोधक आण्णांचा फिल्ममधला तुकडा फिरवतायत, त्यांच्यातल्यांनी काय कमी जमिनी विकल्या?
अजून एकानं लिहिलंय, 'वृद्ध शेतकऱ्याचं दीर्घ मौन हेच या फिल्मचं राजकीय विधान.' आण्णांना फोनवर वाचून दाखवलं.
"आरं, म्हस भाताच्या रोपात शिरत व्हती. तिकडं बघत व्हतो."
लय दिवसांनी दोघं हसलो.

२१ मार्च
जत्रेची वर्गणी. किसनकाका, आण्णांचा चुलतभाऊ, कमिटीत. घरोघर फिरला, आमच्या दारात थांबला नाही. आई पैसे घेऊन उभी होती, तिनंच सांगितलं.
"भावजी, च्या तरी घ्या."
"वैनी, तुमची न्हाई घ्यायची ठरलंय."
वर्गणी घेतली नाही म्हणजे घर गावात धरलं नाही. आज मांडवात जागा नाही, उद्या मयताला माणूस नाही. आण्णांना काय झालं तर खांद्याला कोण? मी हितं.
आण्णा फोनवर: "म्या तर पयलं माजंच नाव घेतलं. इक्रीच्या कागदावर पयली सही माजी, आसं बोललो की त्या फिल्मवाल्या बाईला."
परत बघितली. ते वाक्यच नाही. नुसतं "गावानं इमान इकलं" तेवढं आहे. म्हणजे सगळे चोर आणि आण्णा एकटे साव.

२३ मार्च
फिल्मवाल्या ताईंना फोन. ते वाक्य का कापलं?
"अरे, तुझ्या वडिलांना त्रास होऊ नये म्हणून काढलं."
तो तुकडा तरी पाठवा म्हणालो. बाई वाईट नाही. तासाभरात तुकडा पाठवला. आण्णा म्हणतात, "भंडारा म्याबी उचलला आन् पयली सही म्याच केली." मग खाली बघतात. हे मात्र आण्णाच.
गावच्या ग्रुपवर टाकत होतो. बोट मागं घेतलं. आधी विचारलं.
"टाकू नगंस. भंडारा काय फोनवर उचलला व्हता? मांडवात उभा ऱ्हाऊन सांगीन."
"आन् मांडवात घेतलंच नाही तर?"
फोन आईनं घेतला, म्हणाली, गोठ्यात गेले.

२७ मार्च
किसनकाकाला फोन केला. घरची वर्गणी मी पाठवतो म्हणालो.
"तुजी येगळी कशी घिऊ? घर येकच."
"म्हणूनच पाठवतोय, काका."
काकानं मागचा ट्रॅक्टर बंद करायला सांगितला. मग म्हणाला, "पाठीव. घ्यायची का माघारी द्यायची, पंच ठरवतील."
गजू म्हणतो पाच हजार टाक, तोंडं बंद होतील. नाही. जास्त दिले की दंड भरल्यासारखं. घरटी जेवढी, तेवढीच.
रु. १५००.